स्नायूंचे बळ आणि आतड्यातील जिवाणू

महोदय,

उतारवयात हातापायांचे बळ कमी होते, ते केवळ वयामुळे, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. परंतु आतड्यातील जिवाणूंचाही त्याच्याशी संबंध असल्याचे संशोधनातून पुढे येत आहे. जिवाणूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचे स्नायू क्षीण राहतात आणि त्यांच्या आतड्यात जिवाणू सोडल्यावर ते सुधारतात, हे २०१९ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी मॅरेथॉन धावपटूंमध्ये आढळलेला, श्रमाने तयार होणाऱ्या लॅक्टेटचे प्रोपिओनेट या आम्लात रूपांतर करणारा जिवाणू उंदरांना दिला असता ते सुमारे १३ टक्के अधिक काळ धावले. माणसांबाबतचा पुरावा अजून तोकडा आहे, म्हणून जिवाणूंच्या महागड्या गोळ्यांमागे लागणे मला योग्य वाटत नाही.

व्यायामामुळे ब्युटिरेट हे उपयुक्त आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात, मात्र व्यायाम सुटला की ती वाढ ओसरते, असे २०१८ च्या एका प्रयोगात आढळले. या जिवाणूंना तंतुमय आहार लागतो, आणि तो खान्देशात घरोघरी आहे: ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, कच्च्या केळ्याची भाजी. मैदा आणि तळणाने या पदार्थांची जागा घ्यावी, याचे मनापासून दुःख होते.

जळगाव, धुळे, नंदुरबारमधील आरोग्य शिबिरांत साखर आणि रक्तदाबासोबत ज्येष्ठांच्या पायांचे बळ जोखणारी, ३० सेकंदांत किती वेळा खुर्चीवरून उठता-बसता येते याची सोपी चाचणीही घ्यावी, ही आयोजकांना विनंती.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, अमळनेर