अवतरण कुठे संपले, ते कागदावर कळू द्या

मा. मराठी भाषा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

इतिवृत्ते, जबाब आणि चौकशी अहवाल यांतला एक दोष आपल्या विभागाच्या एका परिपत्रकाने सुटण्यासारखा आहे. दुसऱ्याचे बोलणे सुरू कुठे होते ते या कागदांत कळते, संपते कुठे ते कळत नाही.

नमुना पाहा : ‘अर्जदाराने सांगितले की, नळजोड जानेवारीत तोडला, पावती दिली नाही व ही बाब खरी आहे.’ खरी आहे, असे म्हणतो कोण? अर्जदार की चौकशी अधिकारी? अपिलात नेमके यावरच घोडे अडते. ‘की’ बोलण्याच्या आधी बसतो. शेवटाची जबाबदारी तो घेत नाही.

संस्कृतात ती जबाबदारी ‘इति’वर असते, मराठीत ‘असे’वर. ‘नळजोड जानेवारीत तोडला व पावती दिली नाही, असे अर्जदाराने सांगितले. ही बाब खरी आहे.’ शब्द तेवढेच, संदिग्धता गेली. ‘असे’ हा शब्द पुढच्या नामाप्रमाणे बदलतो : असा आरोप, अशी तक्रार, असे निवेदन. मात्र अवतरण तीन-चार ओळींच्या पुढे गेले की ‘असे’ फार उशिरा येते आणि बोलणारा कोण, हे वाचणाऱ्याला तोवर कळत नाही. तिथे ‘अर्जदाराचे म्हणणे पुढीलप्रमाणे :’ लिहून मजकूर वेगळ्या परिच्छेदात घ्यावा. परिच्छेद अनेक असतील तर सुरुवातीचे अवतरणचिन्ह प्रत्येकाला, शेवटचे फक्त अखेरच्याला.

दुसऱ्याचे बोलणे ‘म्हणून’नेही मिटवतात, पण आदेशात तो नकोच. ‘अध्यक्षांनी मान्यता दिली म्हणून सचिवांनी कळवले’ यात सचिवांनी मान्यतेची बातमी कळवली, की मान्यता मिळाल्यामुळे दुसरेच काही कळवले? दोन्ही अर्थ शुद्ध मराठीत बसतात. बोलताना सूर सांभाळून घेतो, टंकलिखित कागदाला सूर नसतो. ‘इति’ही सरकारी कागदात टाळावा. आजच्या मराठीत ‘इति अमुक’ म्हटले की किंचित टोमणा ऐकू येतो. वृत्तपत्राच्या स्तंभात तो शोभतो, जबाबात नाही.

अवतरणचिन्हे आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत, पण टिकत नाहीत. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ती गळतात किंवा भलत्याच अक्षरांत बदलतात. साध्या कळफलकावर उघडणारे व मिटणारे चिन्ह एकसारखेच उमटते. एक राहिले की पुढची सगळी जोडी उलटी लागते. मजकूर मोठ्याने वाचला तर चिन्हे ऐकूच येत नाहीत. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तकांची मुद्रिते (प्रुफे) तपासणारा कोणीही सांगेल की, शेवटचे चिन्ह सुरुवातीच्या चिन्हापेक्षा जास्त वेळा सुटते. सुरुवात डोळ्यांना दिसते, शेवट अर्थ लावून शोधावा लागतो.

तेव्हा परिपत्रकात एवढे यावे : दुसऱ्याचे म्हणणे ‘असे’ने मिटवावे व अधिकाऱ्याचे मत नव्या वाक्यात, शक्यतो नव्या परिच्छेदात लिहावे, चिन्ह आणि ‘असे’ दोन्ही वापरावीत, म्हणजे एक गळाले तरी दुसरे राहते, सुनावणीत किंवा सभेत मजकूर वाचून दाखवताना ‘अवतरण सुरू’ व ‘अवतरण समाप्त’ असे उच्चारावे. सोबत चुकीचा आणि दुरुस्त, असा प्रत्येकी एक नमुना जोडावा. नियमापेक्षा लिपिक नमुना आधी पाहतात.

आपले,
पुण्यातील काही मुद्रितशोधक व संपादक