जैतापूरच्या चर्चेत इंधनातील वायूचाही हिशेब हवा

संपादक महोदय,

जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की आमच्या राजापूर तालुक्यात मासेमारी, भूकंप आणि समुद्रात सोडले जाणारे गरम पाणी यांवर बोलले जाते, आणि ते रास्तच आहे. पण इंधनाच्या आत काय घडते याविषयी क्वचितच कोणी विचारतो, आणि विचारले तरी इंधनातून कांडीच्या आत वायू सुटणे आणि कांडी फुटून तो बाहेर येणे या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेला शिक्षक म्हणून ती दूर करावीशी वाटते.

युरेनियम ऑक्साइडच्या जेमतेम आठ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळीत रचून इंधनकांडी तयार होते. दर १०० विखंडनांमागे (म्हणजे युरेनियमचे १०० अणू फुटल्यावर) झेनॉन आणि क्रिप्टॉन या वायूंचे मिळून २५ ते ३० अणू निर्माण होतात. त्यांतले बहुतेक गोळीतच अडकून राहतात; काही मात्र स्फटिककणांतून सरकत कणांच्या सीमेवर येतात, तेथे त्यांचे बुडबुडे होतात आणि ते एकमेकांना मिळून बाहेरपर्यंत वाट जुळली की वायू नळीतील मोकळ्या जागेत उतरतो. जांभ्याच्या चिऱ्यातील भोके आतून जोडलेली असतील तरच पाणी झिरपते, तसेच हे. हा वायू अजून कांडीतच असतो. तो अणुभट्टीच्या पाण्यात मिसळतो, तो नळीला चीर पडली तरच. जैतापूरला प्रस्तावित असलेल्या ईपीआर या फ्रेंच आराखड्याच्या चीनमधील ताइशान येथील भट्टीत २०२१ मध्ये हे दुसरे घडले: ६० हजारांहून अधिक कांड्यांपैकी सुमारे ५ कांड्यांच्या नळ्या निकामी झाल्याचे तेथील शासनाने सांगितले आणि जुलैमध्ये ती भट्टी बंद करण्यात आली.

पहिली घटना, म्हणजे कांडीच्या आत वायू सुटणे, मात्र प्रत्येक कांडीत कमीअधिक घडते, आणि तिचे गणित अवघड आहे. १९५७ मध्ये बूथ यांनी स्फटिककण हा एक गोल मानून वायूच्या विसरणाचे, म्हणजे अणू हळूहळू सरकत पसरण्याचे, समीकरण मांडले. आजची संगणकीय प्रारूपेही त्याच कल्पनेवर उभी आहेत. पण झेनॉनची उष्णतावाहकता हेलियमच्या सुमारे २५ व्या हिश्श्याइतकीच असल्याने, सुटलेला वायू नळीत आधी भरलेल्या हेलियमात मिसळला की गोळीची उष्णता बाहेर पडणे कठीण होते, गोळी आणखी तापते आणि आणखी वायू सुटतो. त्यामुळे तापमानातील लहानशी चूकही उत्तरात मोठी होते. चांगल्या प्रारूपाचे उत्तरही प्रत्यक्ष मोजणीच्या निम्मे किंवा दुप्पट येऊ शकते, हे या क्षेत्रातील जाणकार मोकळेपणाने मान्य करतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९० च्या दशकापासून निरनिराळ्या देशांच्या प्रारूपांची प्रयोगांशी तुलना करून घेतली, ती याचसाठी.

प्रकल्पाजवळच्या माडबन, साखरी नाटे येथील माणसांचा याच्याशी संबंध आहे, कारण अपघातात नळी फुटली तर सर्वांत आधी बाहेर येतो तो या मोकळ्या जागेत साठलेला वायू, आणि त्याच्यासोबत किरणोत्सारी आयोडीनही.

म्हणून माझी मागणी अशी की, जैतापूरच्या इंधनासाठी किती बर्नअप, म्हणजे दर टन इंधनातून किती ऊर्जा काढणे, गृहीत धरले आहे, त्या अखेरीस किती टक्के वायू सुटेल असे मानले आहे आणि त्या आकड्याची वरची मर्यादा कोणती, ही माहिती मराठीत प्रसिद्ध करावी. आपल्या दैनिकाने हे तीन प्रश्न संबंधितांना विचारून त्यांची उत्तरे जशीच्या तशी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, राजापूर, जि. रत्नागिरी