जाइब एक नव्हे, तीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला विंडसर्फिंगवरचा लेख मी दोनदा वाचला. शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याने पुढे जायच्या या खेळाला मराठीत अख्खं पान मिळालं, याचा फार आनंद झाला. पण दोन गोष्टींबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. हा खेळ ऑलिंपिकमध्ये ‘अलीकडे’ आला, असं लेखात म्हटलं आहे. पुरुषांची स्पर्धा १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला झाली, स्त्रियांची १९९२ मध्ये बार्सिलोनाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखावर, पाण्याच्या वर उचलली जाणारी फळी आली, ती काय ती अलीकडची. ही चूक किरकोळ आहे. जाइब नावाच्या वळणाबद्दलचं दुसरं वाक्य तसं नाही: ‘मंद वाऱ्यात जाइब जमला की जोराच्या वाऱ्यातही तोच करायचा, फक्त हातांत ताकद हवी.’

हेच वाक्य मला पहिल्या हंगामात शिकवणाऱ्यांनी ऐकवलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवून मी दोन हंगाम वाया घालवले.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. वयाच्या ४४ व्या वर्षी पहिल्यांदा फळीवर उभी राहिले. जाइब म्हणजे वारा पाठीशी घेऊन फळी वळवायची आणि शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचं. ५ ते ८ नॉट वाऱ्यात (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) तो मी महिनाभरात शिकले. एवढ्या वाऱ्यात फळी पाणी कापत हळू चालते, तिची कड दाबून वळण मिळत नाही. म्हणून एक-दोन पावलं मागे जायचं. शेपटीकडचा भाग बुडतो, नाक उचललं जातं आणि फळी जागच्या जागी फिरू लागते. त्याच वेळी डोलकाठी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलती धरायची. घाई लागत नाही. तोल गेला तरी सावरायला दोन श्वास मिळतात.

मग १८ नॉटचा वारा आला. मी शिकलेलं सगळं इमानदारीने केलं: वळणाआधी वेग कमी केला, मागे सरकले, शीड दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दर वेळी वळणाच्या मध्यावर शिडाने मला पुढे खेचून पाण्यात फेकलं. किनाऱ्यावरून सांगणं एकच, ‘दंड कमवा.’ मी सहा महिने व्यायाम केला. दंड कमावले, जाइब जमला नाही.

उत्तर मी रोज वर्गातल्या फळ्यावर लिहीत होते. शिडाला जाणवतो तो खरा वारा नव्हे, तर वारा आणि फळीचा वेग यांतला फरक. १८ नॉट वाऱ्यात तुम्ही वाऱ्याच्याच दिशेने १४ नॉटने जात असाल, तर शिडावर उरतात ४ नॉट. घाबरून वेग ६ वर आणलात की १२. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तिपटीचा नऊपट. जे शीड हातात कागदासारखं हलकं व्हायला हवं होतं, ते नऊपट जोराने ओढत होतं, आणि ते ओझं मी स्वतः वेग कमी करून ओढवून घेतलं होतं. गणित ठाऊक असूनही शरीराला पूर्ण वेगात वळणात शिरायला लावणं फार कठीण गेलं, हे मोकळेपणाने सांगते. वेग म्हणजे धोका, असं आपल्या अंगात मुरलेलं असतं.

जोराच्या वाऱ्यात जवळपास सगळंच उलटं आहे. आधी हार्नेसचा, म्हणजे आपल्याला शिडाशी जोडणाऱ्या पट्ट्याचा, आकडा सोडवायचा; हे विसरलं तर माणूस शिडासकट उडतो. मागचा हात बूमवर, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांड्यावर, आणखी मागे न्यायचा. मागचा पाय फळीवरच्या पट्ट्यातून काढून फळीच्या वळणाच्या आतल्या बाजूच्या कडेवर ठेवायचा, गुडघे वाकवायचे आणि वजन पुढे टाकत कड दाबायची. फळी आता जागच्या जागी फिरत नाही, कमान कोरत जाते. पुढचा हात ताठ ठेवून मागच्या हाताने शीड आत ओढायचं. नजर पायांकडे नको, जिथे बाहेर पडायचं तिथे हवी. आणि शीड हलकं वाटलं त्या क्षणी ते फिरवायचं: पुढचा हात डोलकाठीजवळ सरकवायचा, मागचा सोडायचा आणि शीड फिरलं की त्याच सोडलेल्या हाताने नव्या बाजूचा बूम धरायचा. हा हातांचा भाग मी वाळूत डोलकाठीचा पाया रोवून शेकडो वेळा घोकला. किनाऱ्यावरचा तो एक तास पाण्यावरच्या पाच तासांच्या तोडीचा होता.

या दोन्हींच्या मधला, १२ ते १५ नॉटचा वारा मला सर्वांत अवघड वाटतो. त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. फळी पाण्यावरून सरकत वळणात शिरते आणि अर्ध्यावर तिचा दम संपतो. तिथे तुम्ही जोराच्या वाऱ्यातल्यासारखे पाय मागेच ठेवून उभे राहिलात तर शेपूट बुडते, फळी थांबते आणि सगळा वारा शिडात भरतो. मला उपाय सापडला तो असा: वेग ओसरतोय असं तळव्यांना जाणवलं की लगेच पाय बदलायचे, डोलकाठीच्या पायाकडे पुढे सरकायचं आणि शीड नेहमीपेक्षा आधी फिरवायचं. वळणाला सुरुवात करायची ती झोत अंगावर आल्यावर; झोत ओसरताना शिरलं तर अर्ध्यावर थांबणं ठरलेलंच.

२२ नॉटच्या पुढे पाणी खडबडीत होतं. तिथे मी अजून शिकतेच आहे. दोन लाटांमधला सपाट तुकडा आधी हेरायचा आणि शीड ६ ऐवजी ४.५ चौरस मीटरचं घ्यायचं, एवढं नक्की सांगू शकते.

या खेळात येऊ पाहणाऱ्या मुलींना आणि माझ्या वयाच्या बायकांना ‘हातांत ताकद हवी’ हे एकच वाक्य परत पाठवतं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या दोघी याच कारणाने सोडून गेल्या. त्यांचा तोल माझ्यापेक्षा चांगला होता.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे, असं शेवटी छापलं आहे. त्यात निदान प्रत्येक कृतीशेजारी ती किती नॉटच्या वाऱ्यासाठी आहे, एवढा आकडा द्यावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक