नागपूरजवळच्या वाडीच्या वायरिंगवाल्या काकांना, एका वहीबद्दल

काका, नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. चष्मा कायम कपाळावर आणि मोबाइल बटणांचा. दुकानातला पोट्टा वाचून दाखवेल तेव्हा अर्धं ऐकाल आणि त्यालाच ओरडाल, "काम कर न बे." समोर येऊन आभार मानायचा प्रयत्न मी केला होता. तुम्ही "बरं बरं, चाय सांग" म्हणालात आणि दुसऱ्या गाडीखाली सरकलात. म्हटलं, आता चारचौघांत लिहावं, म्हणजे पळता येणार नाही.

माझी गाडी तुम्हाला पाठ आहे. सहाचाकी, २००८ चं मॉडेल, दोन बॅटऱ्यांवर चालणारी २४ व्होल्टची. संत्र्याच्या हंगामात काटोल-कोंढाळीकडून कळमना मार्केट आणि एरवी मिळेल ते भाडं. मागच्याच्या आधीच्या दिवाळीपासून तिनं छळ मांडला होता. सुरुवातीला पंधरा दिवस चांगली चालायची आणि सोळाव्या दिवशी भरल्या मालानिशी हटून बसायची. कोंढाळीच्या ढाब्यावर चहाला थांबलो, परत किल्ली फिरवली, तर नुसतं "खट". दहा मिनिटांनी पुन्हा फिरवली की काहीच झालं नाही अशा थाटात सुरू. मिस्त्रीकडे नेली तर विचारूच नका, पहिल्या फटक्यात स्टार्ट. तो माझ्याकडे बघायचा, मी गाडीकडे.

तुमच्याकडे येण्याआधी काय काय बदललं ते आज मोजलं की पोटात गोळा येतो. बॅटऱ्यांची जोडी. सेल्फचे, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचे, कार्बन आणि बुश. त्याच्या वरचा सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा स्विच. किल्लीचा स्विच. प्रत्येक वेळी "आता बघा कशी उचलते" आणि प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस खरंच उचलायची. शेवटी एकानं डिझेल पंप खोलायला सांगितला. त्याचा खर्च ऐकून मी घरी येऊन गाडी विकायची भाषा करायला लागलो. बायकोनं विचारलं, "मग चालवणार काय?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्याकडे मला एका टँकरवाल्यानं पाठवलं. अमरावती रोडच्या कडेला, कडुनिंबाखाली, पत्र्याचं शेड. मी लागलो सांगायला: बॅटरी नवीन आहे, सेल्फ केला, आता पंपच असणार. तुम्ही हात वर केला.

"गाडीले काय झालं ते मले नोको सांगू. ते मी पाहीन. तिनं काय केलं ते सांग."

"स्टार्ट होत नाही."

"स्टार्ट होत नाही म्हणजे? सेल्फ फिरते का नाही फिरत?"

"कधी फिरतो, पण इंजिन धरत नाही. कधी नुसतं खट."

"मंग ह्या दोन बिमाऱ्या आहेत बावा. तू एकाच नावानं दोघीले हाका मारून राहिला."

चार महिने झाले होते, काका. चार मिस्त्री झाले होते. हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचला नव्हता. त्या दिवशी तुम्ही एक बोल्टही खोलला नाहीत. एक वही घ्यायला सांगितलीत आणि चार गोष्टी लिहायला: वेळ काय, गाडी थंड की गरम, कुठं आणि कशी उभी होती, आवाज कोणता. मला राग आला होता, आता कबूल करतो. गाडी दुरुस्त करायला आलो आणि या माणसानं गृहपाठ दिला! मुलीची अर्धी कोरी इतिहासाची वही उचलली आणि स्टेअरिंगसमोर टाकली.

तीन आठवड्यांत १७ नोंदी झाल्या. ९ वेळा "खट", ८ वेळा "फिरते, धरत नाही". तुम्ही त्या वहीवर बोट फिरवत गेलात तेव्हा मला आधी काही दिसत नव्हतं. मग दिसलं. नऊच्या नऊ "खट" गरम गाडीला, लांबून येऊन थांबल्यावर. आठच्या आठ "धरत नाही" पहाटेचे आणि सगळे आमच्या गल्लीतले. कळमन्याच्या यार्डात मुक्काम केला त्या पहाटे एकदाही नाही.

"घराजवळ गाडी कशी लावते? तोंड चढाले का उताराले?"

चढाला. कायम चढाला.

आधी तुम्ही "खट"ला हात घातलात. गाडी बुटीबोरीपर्यंत पळवून आणायला लावली, इंजिन चांगलं तापवून. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, चिमट्यावर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. "मार सेल्फ." तीनदा फिरला. काटा एक व्होल्टच्या आसपास. तुम्ही तोंड वाकडं केलंत, अर्ध्याच्या आत पाहिजे म्हणालात. चौथ्यांदा "खट" आणि काटा सरळ १४ वर. तेव्हाच दुसऱ्या मीटरवर बॅटरी २४ च्या वर दाखवत होती. बॅटरी मेली असती तर तीच खाली बसली असती. ती ताठ उभी होती. करंट निघत होता, परतायला रस्ता नव्हता.

मग ते तुम्ही केलंत जे मी त्यानंतर दहा जणांना तरी सांगितलंय. केबिनमधली इंजिन बंद करायची ओढायची तार असते ना, तिच्या लोखंडी नळीवर माझा हात ठेवलात. गरम! आत्ताच ओतलेल्या चहाच्या ग्लासासारखी. मी हात मागे घेतला. तुम्ही हसलात.

इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर, म्हणजे चेसिसपासून, गाडीच्या सांगाड्यापासून, ते वेगळंच. दोघांना जोडणारी एक तांब्याची विणलेली अर्थ पट्टी असते. आमची पट्टी होती, पण मागे चेसिस रंगवून घेतली तेव्हा बोल्टाखाली रंग राहिला, त्याखाली गंज धरला आणि पट्टीच्या अर्ध्या तारा आत हिरव्या होऊन तुटल्या होत्या. थंड असताना जेमतेम टेकायची. गरम होऊन, हादरे खाऊन सुटायची. मग सेल्फचा एवढा करंट बिचारा केबिनमधल्या त्या बारीक तारेतून वाट काढायचा. माझ्या नव्या बॅटऱ्या, नवा सोलेनॉइड, नवे कार्बन, सगळे निर्दोष. आणि दर वेळी बरं का वाटायचं? दर वेळी कुणी तरी गाडीखाली जाऊन केबल हलवत होतं, एवढंच.

तुम्ही चेसिस घासून चांदीसारखं लोखंड काढलंत, नवी पट्टी, दातेरी वॉशर, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस. शिवाय बॅटरीपासून थेट सेल्फच्या अंगापर्यंत एक जाड केबल जादा. मीटर परत लावला तर पाव व्होल्टही नाही.

पहाटेची बिमारी तर तुम्ही मला घरी पाठवूनच पकडलीत. सांगितलंत, उद्या सेल्फ मारायच्या आधी डिझेल लाइनवरचा हातपंप मारून बघ आणि किती फटक्यांनी कडक होतो ते मोज. २३ फटके लागले, आणि त्यानंतर गाडी एका दमात सुरू. म्हणजे लाइनमधलं डिझेल रात्रभरात टाकीकडे परत गेलं होतं. दुपारी तुम्ही फीड पंपाच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या, आधी वीतभर पारदर्शक नळी जोडलीत. इंजिन सुरू असताना त्यातून बुडबुडे जाताना मी स्वतः पाहिले, एकामागे एक, मण्यांसारखे. टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपच्या खालीच चिरला होता. नागपूरच्या उन्हानं रबराचं लाकूड झालेलं. बाहेर डिझेलचा एक थेंब नाही, कारण तिथं पंप ओढतो. चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी सपाट असली की चालून जायचं. तोंड चढाला असलं की इंजिन टाकीपेक्षा आणखी वर, आणि रात्रीत लाइन रिकामी. फूटभर पाइप आणि दोन क्लिपा. ज्या पंपासाठी मी गाडी विकायला निघालो होतो, त्याला तुम्ही हातही लावला नाहीत.

पैशांचं मी लिहिलं तर तुम्ही चिडाल, तरी लिहितो. तुम्ही फक्त सामानाचे आणि एका दिवसाच्या मजुरीचे घेतलेत. वहीचे तीन आठवडे, ती बुटीबोरीची चक्कर, गाडीखाली उताणं पडून घालवलेली दुपार, याचं काय, विचारलं तर म्हणालात, "लिहिलं तर तूच न." हे काही खरं नाही, काका. मी १७ ओळी खरडल्या होत्या. वाचल्या तुम्ही.

मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या संत्र्याचा, अख्खा माल या वर्षी मी टोचन न करता, म्हणजे दुसऱ्या गाडीनं ओढून न नेता, कळमन्यात पोचवला. फेब्रुवारीत एकदा कोंढाळीलाच थांबलो, तोच ढाबा, तीच जागा. चहा संपला तरी उठवेना. क्लीनर म्हणाला, "दादा, चला न." किल्ली फिरवली. लागली. मी पुन्हा बंद केली, पुन्हा लावली. क्लीनरला वाटलं माझं डोकं फिरलं.

तुमच्या मीटरच्या तारांना तीन ठिकाणी काळी टेप गुंडाळलेली मी पाहिली आहे. नव्या तारांची जोडी आणून ठेवली आहे, शनिवारी कळमन्याहून परतताना येतो. "काहून आणल्या" म्हणून ओरडायचं असेल तर तेव्हाच ओरडा. आणि वहीही आणतोय. एक नवी ओळ आहे: डावा इंडिकेटर, फक्त रात्री, फक्त हेडलाइट लावल्यावर, मिणमिणतो.

तुमचा,
चढावर गाडी लावणारा