रुंबकच्या आमा-लेंना

आमा-ले,

तुला मराठी वाचता येत नाही, ठाऊक आहे मला. तुझी नात लेहला शिकते, तिला मी फोनवर हिंदीत सांगेन, ती तुला लडाखीत सांगेल. मराठीत लिहितेय ते इकडच्यांनी वाचावं म्हणून. आणि ‘आमा’ म्हणजे आई. आईला आम्ही अहो-जाहो करत नाही, म्हणून तू.

आमच्या ट्रेकवाल्यांनी विमानाने लेहला नेलं आणि दुसऱ्याच दिवशी चालायला लावलं. ३,५०० मीटरवर आधी दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं, हे मला तुझ्या मुलाकडून कळलं. ज्यांना पैसे मोजले त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. डोकं ठणकतंय म्हटलं तर लीडर म्हणतो, “काकू, दर रविवारी सिंहगड चढता ना? मग झालं तर!” एक गोळी हातावर ठेवून तो पुढे. त्याच्या टी-शर्टावर मागे ‘आम्ही एक कुटुंब’ असं छापलंय. दिवसभर ते लांब लांब जाताना बघत होते.

रुंबकला पोचले ती सगळ्यांत शेवटी, ओकून ओकून रिकामी झालेली. पहिलं उघडं दार दिसलं त्यात शिरले.

तू चुलीशी बसवलंस, पायांतले बूट काढलेस, गुरगुर चहा दिलास. (खारट आणि लोण्याचा. खोटं कशाला बोलू, नाही आवडला.) एवढं कदाचित दुसऱ्या कुणीही केलं असतं. पण रात्रीचं?

त्या गोळीने सारखी लघवीला होते. तुमचा संडास म्हणजे मातीच्या जमिनीत एक भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. पहिल्या वेळी चक्कर आली, तू धरलंस. दुसऱ्या वेळी दाराबाहेर थांबून मोठमोठ्याने ‘ओं मणि पद्मे हूं’ म्हणत राहिलीस. मध्यरात्री एवढ्या खणखणीत आवाजात कसला जप, असं वाटलं. मग उमगलं. अंधारात मला ऐकू यावं, तू आहेस ते. तिसऱ्या वेळी तुझी झोपमोड नको म्हणून चोरपावलांनी उठले, तर तू टॉर्च घेऊन तयार! चार वेळा, आमा-ले. गुडघे धरत उठायचीस, पाहिलंय मी.

सकाळी पैसे पुढे केले तर घेईनास. पाहुणे घरोघर आळीपाळीने जातात आणि त्या दिवशी नंबर शेजारच्या घराचा होता, पैसे तिकडे दे म्हणालीस. हिमबिबट्या शेळ्या-मेंढ्या मारतो, तरी लोकांनी त्याच्या जिवावर उठू नये, घरात चार पैसे यावेत, म्हणून २००२च्या सुमारास तुमच्याकडे हे होमस्टे सुरू झाले. तुझ्या मुलाने मला घोड्यावरून जिंगचेनला उतरवताना हे सगळं सांगितलं. खाली उतरलं की बरं वाटेल, असंही म्हणाला होता, तसंच झालं. पण मी तर तुझ्या नंबरातही नव्हते गं. तुझ्या हिशेबात मी कुठल्या खात्यावर जमा झाले, देव जाणे.

आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली की वरच्या आजींना दूध कोणी नेऊन द्यायचं यावर ग्रुपवर चाळीस मेसेज पडतात. त्यांतला एक माझाही असतो.

नातीच्या पत्त्यावर चिवडा धाडलाय. त्यात खोबऱ्याचे काप आहेत, ते तुझ्या दातांना झेपायचे नाहीत. वेचून मुलाला दे.

जुले, आमा-ले.

तुझी,
पुण्याची काकू