फोनवर राहून गेलेलं

नागपूर, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, भरतीसाठी धावायच्या सरावात ८०० मीटरला दुसऱ्या चकरीतच दम लागला आणि पाळी चार दिवसांवर आहे. बाबांनी फोन स्पीकरवर टाकलाय हे कळल्यावर मात्र तू घाईघाईने "काही नाही, ऊन होतं" म्हणालीस. ऊन तर इथेही आहे, बाई! म्हणून हे पत्र.

बावीस वर्षं फिजिऑलॉजीच्या प्रयोगशाळेत पोरींच्या नाकाला चिमटा लावून मी "फुंक, अजून फुंक" ओरडतेय. धडधाकट मुलीची फुप्फुसं पाळीमुळे फारशी बदलत नाहीत. फुंकरीच्या जोराचा आकडा थोडाफार खालीवर होतो. पण नळीभोवती ओठ नीट मिटले नाहीत, तरी तो त्याहून जास्त घसरतो.

बदलते ती श्वासाची ओढ. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं, ते मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला चाळवतं. श्वास खोल होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित उतरतो. फुप्फुसं ठणठणीत असूनही धाप लागल्यासारखी वाटते. तू पोटात होतीस तेव्हा हेच प्रोजेस्टेरॉन कितीतरी पटीने जास्त होतं. दुसरा मजला चढले की मी जिन्यातच बसायची, आणि तुझी आजी म्हणायची, "हिला आत्ताच एवढी धाप?"

मावशीची गोष्ट वेगळी. तिला दमा आहे. पाळीच्या तोंडावर तिच्या छातीत शिट्टी वाजायची, रात्री उठून पंप घ्यावा लागायचा. दमा असलेल्या बऱ्याच बायकांचं असं होतं. तुझ्या छातीत शिट्टी वाजली, आवळल्यासारखं झालं किंवा रात्री खोकल्याने जाग आली, तर भरतीची तारीख बघत बसू नकोस, डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिनही तपासून घे. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर ते उतरतं, आणि धावताना दम लागायला तेवढं पुरतं. माझा पहिला संशय त्यावरच आहे.

संत्रा बर्फीच्या डब्याखाली पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायचं छोटं यंत्र, ठेवलाय. रोज सकाळी धावायच्या आधी, उभं राहून, तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. पाळीचे दिवस लाल पेनाने. दोन महिने लिही, मग आपण बघू.

फोन दुपारी करत जा. बाबा तेव्हा ड्युटीवर असतात.

तुझी,
आई