घोट्याच्या फायली अडल्यात, हात लावायला माणसं हवीत

माजी सैनिक बंधूंनो, वीरपत्नी भगिनींनो आणि तालुक्यातल्या सर्व मंडळींनो, नमस्कार.

नोकरीतल्या दुखापतीबद्दल अपंगत्व पेन्शन मागणाऱ्यांच्या फायली संघटना चालवते. आमच्या कपाटात सध्या सगळ्यात जाड गठ्ठा घोट्याच्या फायलींचा आहे. गुडघ्याची, कमरेची, कानाची प्रकरणंही येतात, पण घोट्याचं दुखणं फसवं. गोळी लागलेली नसते, पाय गेलेला नसतो. माणूस स्वतः चालत कार्यालयात येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, याला काय झालंय?

एका हवालदारांचं सांगतो. नाव नको म्हणाले, म्हणून देत नाही. बीपीईटीत, म्हणजे लष्कराच्या शारीरिक क्षमता चाचणीत, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी मारताना त्यांचा उजवा पाय काठावर पडला आणि आत वळला. एमआय रूममध्ये (पलटणीच्या दवाखान्यात) क्रेप बँडेज, गोळ्या आणि थोडे दिवस लाइट ड्यूटी. इंज्युरी रिपोर्ट भरून घे, असं सांगायला कोणी नव्हतं. खरं तर त्यांनाही तो नकोच होता, कारण कॅटेगरी लागली, म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली गेला, की प्रमोशन अडतं ही धास्ती प्रत्येक जवानाला असते. पुढची सगळी नोकरी बँडेज बांधून काढली. आज ते जिना आडवे होऊन उतरतात, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. डांबरी रस्त्यावर काही कळत नाही. नांगरलेल्या रानात मात्र ढेकळावर पाऊल कललं की संध्याकाळी घोटा इतका सुजतो की चपलेचा पट्टा बसत नाही.

पेन्शनीत निघताना बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांची तपासणी, झालं. कागदावर आलं एनएएनए, म्हणजे दुखणं नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही. या चार अक्षरांना आम्ही आपसात 'नाना' म्हणतो. हसू येतं, पण या नानांनी कित्येकांची पेन्शन खाल्ली आहे. नामंजुरीचं पत्र इंग्रजीत आलं, घरात कोणाला नीट कळलं नाही, आणि ते डिस्चार्ज बुकाबरोबर ट्रंकेत गेलं. त्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करता येतं, ते फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. ट्रंकेतच दोन्ही मुदती सरल्या.

आता पैशाचं. डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनीतला अपंगत्वाचा वाटा, १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या हिशेबी पगाराच्या ३० टक्के असतो. पगार ४०,००० रुपये धरा. १०० टक्क्यांना १२,००० होतात, तर २० टक्क्यांना २,४००. मात्र २० ते ५० मधलं अपंगत्व राउंड करून ५० धरतात, म्हणजे महिन्याला ६,००० आणि वर महागाई. हा फायदा नोकरीची मुदत पूर्ण करून निघालेल्यांनाही आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालात सांगितलं. आता उलटं बघा. मुदत पूर्ण करून निघालेल्या जवानाच्या बोर्डाने १९ टक्के लिहिले, तर हातात शून्य. घोट्याच्या बहुतेक फायली याच काठावर लटकतात. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झालेत. त्यानंतर निघालेल्यांनी हा हिशेब आपल्याला लावू नये, आधी कागद दाखवावेत.)

म्हणून पहिली विनंती तालुक्यातल्या हाडांच्या डॉक्टरांना. महिन्यातून एक सकाळ द्या. पाऊल वर साधारण २० अंश आणि खाली ५० अंशांपर्यंत जातं. आमच्या माणसाचं किती जातं ते मोजून अंशांत लिहून द्या. 'घोटा दुखतो' एवढ्यावर काही होत नाही. एक्स-रे उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला हवा, झोपवून काढलेल्यात सांध्यातली झीज लपते. तुमचं मत लष्करी बोर्डावर बंधनकारक नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण फेरतपासणी मागायची तर हातात काहीतरी लागतं.

दुसरी विनंती क्लार्क ट्रेडमधून निघालेल्या आपल्याच लोकांना. खरी लढाई तुमची आहे. बोर्डाची प्रत, एमआय रूमच्या नोंदी, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद कुठल्या नावाने मागायचे, हे तुमच्याइतकं कोणाला कळतं? माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. पण मोघम अर्ज केला की मोघम उत्तर येतं. भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद तर आवर्जून मागा. त्यात पायाची नोंद नसेल, तर जवान धडधाकट भरती झाला असंच धरावं लागतं, हे धर्मवीर सिंग यांच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने पक्कं केलं आहे.

एकाच पलटणीत असलेल्यांनी जुने फोटो, डायऱ्या चाळाव्यात. त्या दिवशी मैदानात तुम्ही होतात आणि साथीदाराला उचलून नेलंत, एवढं तुमच्या सहीने लिहून दिलंत तरी इंज्युरी रिपोर्ट नसलेल्या फायलीला जरा आधार मिळतो.

अपिलं संपली की सशस्त्र सेना न्यायाधिकरण. आपल्याला मुंबईचं खंडपीठ. उशीर झाला म्हणून दार बंद होतंच असं नाही. पेन्शन दर महिन्याची बाब असल्याने उशीर माफ होतो, पण थकबाकी साधारणपणे अर्जाच्या मागच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे वाट बघण्यात गेलेला प्रत्येक महिना बुडीत. जवान हयात नसेल, तर पत्नी आणि वारसही दाद मागू शकतात. भगिनींनो, कृपा करून जुने कागद जाळू नका.

वर्गणी लागणार आहे ती मुंबईचा प्रवास, एक्स-रे, झेरॉक्स आणि टपालासाठी. जमेल तेवढी द्या, पावती घ्या. हिशेब कार्यालयातल्या फळ्यावर लागेल. जवानाला मिळालेल्या थकबाकीतून संघटना एक रुपयाही कापत नाही. हे ठासून सांगतो, कारण 'काम करून देतो, वीस टक्के द्या' म्हणत फिरणारे एजंट गावागावात आहेत. त्यांना मूळ कागद देऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको.

आणखी एक, थोडं कडू आहे. प्रत्येक घोटा लष्कराचा नसतो. सुट्टीत जत्रेला जाताना मोटारसायकलवरून पडलेला पाय ड्यूटीवर मोडला, असं आम्ही लिहून देणार नाही. अशी एक खोटी फाइल पुढच्या दहा खऱ्या फायलींवर संशय आणते. सुट्टीला येता-जाताना झालेल्या अपघाताची गोष्ट वेगळी. तो काही परिस्थितींत ड्यूटीत धरतात, म्हणून अशांनी स्वतःच निकाल लावून घरी बसू नये.

दर शनिवारी सकाळी संघटनेचं कार्यालय उघडं असतं. येताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बोर्डाचे कागद आणि नामंजुरीचं पत्र आणा. पत्र ज्या पाकिटात आलं ते पाकीटही आणा. त्यावरच्या शिक्क्यावरून मुदत मोजता येते.

आपली,
तालुका माजी सैनिक संघटना